बहिर्मुख द्वारे

ज्याने पाहिले त्याने सांगावे, आणि ज्याने सांगितले त्याने त्या सांगण्याचा भार आपल्या शिरावर घ्यावा, ही साक्षीची रीत आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की, पाहणारा, सांगणारा आणि भार वाहणारा हे तिघे निरनिराळे असू शकतील अशी शंकाही आपल्या मनाला सहसा शिवत नाही. मालवण तालुक्यातील मसुरे गावाच्या परिसरात मात्र गेल्या काही वर्षांत हे तिघे एकमेकांपासून वेगळे झाले आहेत. गडनदी जिथे रुंदावत कालावलच्या खाडीचे रूप घेते, जिच्या एका तीरावर भरतगड आणि पलीकडच्या तीरावर भगवंतगड शतकानुशतके एकमेकांवर नजर ठेवून उभे आहेत, तिच्या पात्रातील वाळू वाहून नेणाऱ्या डंपरांमध्ये आता मुठीत मावेल एवढी एक पेटी बसविलेली असते. आणि गाडी कोठे होती, केव्हा होती, चालू होती की उभी होती, याची नोंद ती पेटी अहोरात्र दूरच्या एका दप्तरात रुजू करीत असते. गौण खनिजाची वाहतूक करणाऱ्या वाहनांना महाराष्ट्र शासनाने १ जानेवारी २०२२ पासून ही पेटी सक्तीची केली. त्याच्या आधी, दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, प्रवासी वाहनांचा माग राहावा आणि संकटात सापडलेल्या प्रवाशाच्या हाताशी आणीबाणीचे बटण असावे या मागणीने देशभर जोर धरला होता, आणि तिला अनुसरून केंद्र सरकारने २८ नोव्हेंबर २०१६ रोजी तसा नियमही केला होता.

वाहनमालक, चालक, ठेकेदार, तलाठी आणि तहसीलदार यांच्यामध्ये एखादा तंटा उपस्थित झाला की, आता एक वाक्य हमखास कानी पडते: माणूस खोटे बोलेल, यंत्र खोटे बोलणार नाही. हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या मनात लबाडी नसते. पंचनाम्यांवर सह्या करणाऱ्या पंचांचे किती तऱ्हेने मन वळविता येते याचा अनुभव त्याला असतो, आणि ज्याचे मन वळविता येत नाही असा कोणी तरी अखेर भेटला याचे समाधान त्याच्या बोलण्यात उमटते. तरीही या समाधानात मला एक धोका दिसतो. ज्याला मनच नाही त्याचे मन वळविता येत नाही हे खरे. परंतु मन नसलेल्याला साक्षी म्हणता येते काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, नुसता झाकला जातो. आणि ज्याला तो उघडून पाहावयाचा असेल त्याने आकाशातील उपग्रहांकडे किंवा दूरच्या दप्तराकडे न पाहता, त्या पेटीच्या कडेला असलेल्या छिद्रांकडे, जेथे बाहेरची साधने तिला जोडली जातात तेथे, नजर लावावी असे मला वाटते.

कारण त्या पेटीला स्वतःचे असे ज्ञान फार थोडे असते. किमान चार उपग्रहांकडून येणारे संकेत ऐकून ती आपले स्थान आणि वेळ ठरविते. २०१६ साली भारताने सात उपग्रहांची जी स्वतःची नाविक ही प्रणाली उभी केली, तिचेही संकेत अशा पेटीला ओळखता यावेत अशी योजना आहे. पण स्थान आणि काल यांच्यापलीकडचे जवळजवळ सारे तिला बाहेरून कळवावे लागते. हौदा उचलला गेला काय, टाकीत डिझेल किती आहे, कोणी मदतीसाठी बटण दाबले काय, यांतले काहीही तिला आपण होऊन समजत नाही. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केलेले एआयएस-१४० हे मानक यासाठी किमान चार अंकीय, दोन अनुरूप आणि एक क्रमिक अशी द्वारे ठेवावयास सांगते. कारागीर त्यांना सरसकट पोर्ट म्हणतात. अंकीय द्वाराला होय आणि नाही एवढे दोनच शब्द कळतात, अनुरूप द्वाराला कमी-अधिक उमगते, आणि क्रमिक द्वार दुसऱ्या यंत्राचे बोलणे अक्षरामागून अक्षर ऐकून घेते.

द्वारांचा हा तपशील प्रथम वाचला तेव्हा कठोपनिषदातील दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीचा मंत्र मला आठवल्यावाचून राहिला नाही. स्वयंभू परमेश्वराने इंद्रियांची छिद्रे बाहेरच्या बाजूला उघडणारी अशीच कोरली, म्हणून प्राणी बाहेरचे पाहतो आणि अंतरात्म्याला पाहत नाही. अमृतत्वाची इच्छा धरणारा एखादाच धीर पुरुष डोळा वळवून आत पाहतो, असा त्याचा आशय आहे. याच उपनिषदातील रथाचे रूपक, ज्यात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी आणि आत्मा हा रथस्वामी, ते लोकांच्या ओठांवर अधिक आहे, आणि वाहनाविषयी लिहिणाऱ्याला तेच आधी सुचावे हे स्वाभाविक आहे. पण रथाचे रूपक गतीविषयी आणि संयमाविषयी बोलते. छिद्रांचा मंत्र ज्ञानाविषयी बोलतो, आणि ज्ञानाची साधने ज्ञात्यापर्यंत का पोचवीत नाहीत याचे एक अतिशय कठोर उत्तर देतो. द्वारे कितीही वाढविली तरी ती सारी बाहेरच उघडणार. पाचवे, सहावे, दहावे द्वार जोडल्याने जे कळेल ते बाहेरचेच असेल. ज्याला ते कळावयाचे तो कोण, हे त्यांपैकी एकाही द्वारातून आत येणार नाही.

ही गोष्ट ग्रंथात वाचणे वेगळे आणि डोळ्यांसमोर पाहणे वेगळे. मसुऱ्याच्या बाजारातून खाडीच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, काजूच्या सावलीत उभ्या असलेल्या एका डंपरवर ही जोडणी चाललेली मी बराच वेळ पाहत बसलो होतो. कारागीर विशी-पंचविशीतला तरुण होता. पेटीला वीज मिळावी म्हणून बॅटरीची धन तार आणि बॉडीचे अर्थिंग अशा दोन तारा त्याने आधी जोडल्या, आणि तिसऱ्या तारेसाठी, म्हणजे गाडी चालू आहे की बंद हे पेटीला सांगणाऱ्या तारेसाठी, तो स्टिअरिंगखालच्या जुडग्यात हात घालून टेस्ट लॅम्पने एकेक तार तपासू लागला. एका तारेवर किल्ली फिरविताच दिवा लागला आणि किल्ली काढताच विझला. माझ्या मते शोध तेथेच संपावयास हवा होता. पण त्याने चालकाला सेल मारावयास सांगितले, आणि इंजिन घरघरत असताना तो दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. तेव्हा ती तार सोडून देऊन तो दुसरीच तार शोधू लागला. पहिली तार रेडिओसारख्या उपकरणांची होती, आणि सेल मारताना बॅटरीचा सारा जोर स्टार्टरला मिळावा म्हणून तिचा पुरवठा तेवढ्यापुरता तुटतो. तीच पेटीला जोडली असती तर उभ्या गाडीत गाणी ऐकत बसलेल्या चालकाच्या नावावर इंजिन चालू ठेवल्याची नोंद चढली असती. दोन्ही तारांत व्होल्ट तेवढेच, दिवा सारखाच उजळ; आणि तरी एकीची नोंद खरी ठरली असती, दुसरीची खोटी. पेटीला हा भेद कधीही कळला नसता. तो त्या तरुणाला कळला, आणि कळूनही त्याने सोयीची तार न घेता योग्य तार शोधण्याचे कष्ट घेतले.

हौद्याच्या बिजागरीजवळ बसविलेल्या सेन्सरची तार त्याने एका अंकीय द्वाराला जोडली. हौदा उचलला की तेथील स्थिती पालटते, आणि माल कोठे रिकामा झाला याचा दाखला मिळतो. मग कामात न येणाऱ्या तारांची टोके त्याने एकेक करून टेप गुंडाळून बंद केली. हे इतक्या निगुतीने कशासाठी, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "उघडी रवली तर खंय तरी टेकतली, काकानूं, आणि घडला नाय ता घडला म्हणान सांगतली." मोकळे सोडलेले द्वार गप्प बसत नाही. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या तारेची कंपने, अल्टरनेटरचा गोंगाट, बॉडीचा ओझरता स्पर्श, यांपैकी काहीही ते संकेत समजून उचलते. योगशास्त्राने इंद्रियांच्या प्रत्याहाराला यमनियमांच्या पुढचे आणि ध्यानधारणेच्या अलीकडचे स्थान का दिले असावे, याची अनेक उपपादने मी वाचली आहेत. बंद न केलेले द्वार नसलेली गोष्ट सांगते हे त्या तरुणाचे विधान त्यांतल्या पुष्कळांहून मला अधिक पटले.

त्यानंतरची घटना मात्र मला अनपेक्षित होती. टाकीतील डिझेल मोजणारा दांडा त्याला क्रमिक द्वाराशी जोडावयाचा होता. हा संवाद आरएस-२३२ या १९६० साली अमेरिकेत प्रथम निश्चित झालेल्या रीतीने चालतो. त्यात एका यंत्राची बोलणारी तार दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या तारेला उलटसुलट जोडावी लागते, आणि दोघांच्या बोलण्याचा वेगही एकच ठरवावा लागतो. तारा योग्य जोडल्या होत्या, वेगही जुळविलेला होता, तरी लॅपटॉपच्या पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटत राहिली. त्याने थोडा विचार केला, दांड्याची काळी तार सोडविली, आणि पेटीचे अर्थिंग जेथे घेतले होते नेमक्या त्याच बोल्टवर आणून ती कसली. चिन्हांची रांग थांबली आणि आकडे येऊ लागले. या रीतीत ऋण दाब म्हणजे एक आणि धन दाब म्हणजे शून्य असे समजतात. पण ऋण कशाच्या मानाने आणि धन कशाच्या मानाने, हे ठरविणारी पातळी दोघांना समान असल्याखेरीज एकाच्या एकाला दुसऱ्याच्या लेखी काहीच निश्चित मोल राहत नाही.

न्यायदर्शनाने वादाची सामग्री सांगताना दृष्टांताला जे महत्त्व दिले आहे त्याचे मर्म येथे दिसते. सामान्य लोक आणि परीक्षक या दोघांचीही बुद्धी ज्या गोष्टीविषयी समान असते तो दृष्टांत, असे गौतमाचे लक्षण आहे. वादी आणि प्रतिवादी यांचे प्रत्येक विधान एकमेकांविरुद्ध असू शकते, किंबहुना असावेच लागते; पण दोघांच्याही पायाखाली मान्यतेची एक समान भूमी नसेल तर त्यांच्यात मतभेदसुद्धा होऊ शकत नाही, केवळ आवाज होतो. सांप्रत धर्मविषयक चर्चांत जो आवाज ऐकू येतो त्यातील बराचसा या जातीचा आहे, आणि तारा अधिक जोडल्याने तो थांबेल अशी आशा बाळगणारे सज्जन मला नित्य भेटतात.

आणीबाणीच्या बटणाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या सगळ्या योजनेतील सर्वांत खोल विचार त्यात आहे असे मला वाटते. प्रवासी वाहनातील हे बटण दाबले की प्रवाह सुरू होतो, अशी आपली समजूत असते. घरातील घंटेचे बटण तसेच चालते. मानकाने मात्र उलट योजना केली आहे. बटणाचे मंडल एरवी अखंड बंद असते, त्यातून प्रवाह सतत वाहत असतो, आणि बटण दाबल्याने तो तुटतो. पेटीला हाक ऐकू येते ती प्रवाह थांबल्याने. यातील शहाणपण असे की, एखाद्या दुष्टाने आधीच तार कापून ठेवली, किंवा खड्ड्यांच्या धक्क्याने ती निसटली, तरी पेटीपर्यंत जाणारा परिणाम तोच. तुटलेली तारसुद्धा हाकच देते. उलट योजनेत कापलेली तार आणि सुखरूप प्रवास यांत पेटीला काहीच फरक दिसला नसता, आणि जिला मदत हवी तिचे बटण दाबणे व्यर्थ गेले असते. देवघरातला नंदादीप असाच असतो. तो तेवत आहे याकडे घरात कोणाचे विशेष लक्ष नसते, पण तो विझल्याचे सगळ्यांना क्षणात कळते.

आपल्या भक्तिपरंपरेने नामस्मरण अखंड असावे असा जो आग्रह धरला, त्याच्याकडे मी पूर्वी केवळ भावनेचा अतिरेक म्हणून पाहत नसलो तरी त्याचे प्रयोजन मला पुरते उलगडले नव्हते. संकटकाळी देवाला हाक मारणे कोणालाही जमते; मग सुखाच्या काळातही अष्टौप्रहर नाम का घ्यावे? कारण जी हाक केवळ संकटात सुरू होणार आहे तिची तार मध्यंतरी कधी तुटली हे कळावयास मार्गच नसतो. नित्य वाहणारे स्मरण खंडित झाले की साधकाला आपल्या अवस्थेची वार्ता त्याच क्षणी मिळते, आणि ही वार्ता देण्यासाठी संकट यावे लागत नाही. बटणाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यांच्या मनात यातले काही नसणार. ज्याच्यावर दुसऱ्याचे प्राण अवलंबून आहेत अशा हाकेचा विचार कोणीही निष्ठेने करू लागला तर त्याला याच ठिकाणी पोचावे लागते, असे मी समजतो.

अनुरूप द्वाराची कथा याच्या उलट आहे. तेथे निष्ठेपेक्षा भ्रमाला वाव अधिक. डिझेलच्या टाकीतील तरंगणारा गोळा वरखाली झाला की त्याला जोडलेला रोध बदलतो, रोध बदलला की दाब बदलतो, आणि पेटी हा दाब मोजते. पेटीने डिझेल पाहिलेले नसते. टाकी रिकामी करून, मापाने थोडे थोडे डिझेल ओतून, प्रत्येक मापाला किती दाब येतो याचा तक्ता कोणी तरी बनवितो, आणि त्या तक्त्याच्या आधारे दाबाला लिटर हे नाव मिळते. आता हीच गाडी करूळच्या किंवा फोंड्याच्या घाटात चढणीला लागली म्हणजे टाकीतले डिझेल मागच्या बाजूला कलते, गोळा खाली येतो, आणि दाब एकाएकी घटतो. दूरच्या दप्तरात त्या घटीला आधीच एक नाव देऊन ठेवलेले असते: चोरी. चालकाने गाडी कोठेही थांबविलेली नसते, टाकीचे झाकण उघडलेले नसते, तरी त्याच्या नावापुढे ती नोंद चढते. आणि तो कितीही कळवळून सांगू लागला तरी यंत्र खोटे बोलत नाही हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जाते.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी अध्यासाचे जे विवरण केले आहे, पूर्वी पाहिलेल्या वस्तूचे स्मृतीच्या रूपाने दुसऱ्याच ठिकाणी भासणे असे ज्याचे सार आहे, त्याचे याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही. दोरीच्या जागी साप दिसतो तेव्हा दोरीचे खोटे असे काहीच नसते. दोरीवर पडणारा मंद प्रकाशही खरा, डोळाही निर्दोष. साप येतो तो पाहणाऱ्याच्या साठ्यातून. तसाच घाटातला दाब खरा, त्याची घट खरी, पेटीने केलेली नोंद बिनचूक, आणि चोरी मात्र तक्ता करणाऱ्याच्या साठ्यातून आलेली. नैयायिकांनी प्रत्यक्षाचे लक्षण इंद्रिय आणि अर्थ यांच्या सन्निकर्षापासून उत्पन्न झालेले ज्ञान असे करून त्यात अव्यभिचारी हे विशेषण घातले, त्याचे कारण हेच की सन्निकर्ष घडला म्हणून ज्ञान सत्य झाले असे त्यांनी क्षणभरही मानले नाही. पेटीच्या बाबतीत तर सन्निकर्षसुद्धा डिझेलशी नसून दाबाशी आहे. दाबावरून डिझेल हे अनुमान, डिझेलच्या घटीवरून चोरी हे अनुमानावर रचलेले दुसरे अनुमान. आणि तहसीलदाराच्या मेजावर या दोहोंची गणना प्रत्यक्षात होते.

मग साक्षी कोण? आपल्या परंपरेत साक्षीच्या दोन कल्पना आहेत आणि त्या एकमेकींच्या जवळजवळ विरुद्ध आहेत. मराठेशाहीतील तंट्यांचे महजर, म्हणजे सभेची निवाडपत्रे, पाहिले म्हणजे पहिली कल्पना स्पष्ट होते. गोतसभेपुढे उभा राहणारा साक्षीदार, त्या काळच्या भाषेत गोही, हा गावचा, वतनाचा, नात्यागोत्याचा माणूस असे. आपल्या बेचाळीस पूर्वजांना स्मरून सत्य सांग असे त्याला बजावले जाई. महजरावर त्याच्या नावापुढे त्याच्या व्यवसायाची निशाणी पडे. आणि माणसांच्या साक्षीने निवाडा होईना तेव्हा उकळत्या तुपातेलातून धातूचा तुकडा काढण्याच्या रवादिव्यासारख्या दारुण प्रसंगाला पक्षकाराला आपला हात द्यावा लागे. दिव्याची प्रथा गेली हे उत्तम झाले, आणि तिचे समर्थन करण्याचा विचारही मला शिवत नाही. परंतु जो खोटे बोलल्यास काही गमावतो त्याच्याच बोलण्याला साक्ष म्हणावे, हे त्या व्यवस्थेचे मूळ गृहीत मला आजही अढळ वाटते. पेटी काय गमावते? तिला पूर्वज नाहीत, वतन नाही, हात नाही.

दुसरी कल्पना वेदांताची. तेथील साक्षी काहीही गमावीत नाही आणि कमावीत नाही. तो उदासीन आहे. मुंडकोपनिषदाने एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे जे चित्र काढले आहे, त्यातील एक फळ खातो आणि दुसरा न खाता केवळ पाहत राहतो. हा पाहत राहणारा तो साक्षी. यंत्राच्या निःपक्षपातीपणाची लोकांच्या मनावर जी मोहिनी पडते तिचे कारण, मला वाटते, या दुसऱ्या पक्ष्याशी त्याचे असलेले वरवरचे साम्य हे आहे. पेटीलाही फळ नको असते. पण फळ न खाणे एवढ्याने दुसरा पक्षी साक्षी झालेला नाही. तो पाहतो म्हणून साक्षी आहे. पेटी खात नाही आणि पाहतही नाही. ती नोंद करते, आणि नोंद पाहिली जाण्याची वाट पाहते. संपर्क तुटला तरी किमान चाळीस हजार नोंदी साठवून ठेवून संपर्क येताच त्या क्रमाने पाठविण्याची शक्ती तिला दिलेली आहे. पण त्या चाळीस हजारांतील एकही नोंद तिच्या स्वतःच्या लेखी दुसरीहून महत्त्वाची नसते. मदतीची हाक सर्वांआधी पाठविली जाते ती कोणी माणसाने तसा क्रम ठरवून ठेवला म्हणून. जिला सर्व सारखे ती उदासीन ठरत नाही. औदासीन्य हे भेद कळून झाल्यावरचे आहे.

अशा रीतीने पेटी पहिल्या अर्थाने साक्षी नाही आणि दुसऱ्या अर्थानेही नाही. तरी तिच्या नोंदीवरून दंड होतो, गाडी जप्त होते, माणसाची भाकरी जाते. तेव्हा साक्षीचा जो भार तिने उचललेला नाही तो कोणाच्या तरी शिरावर असलाच पाहिजे. आणि तो जोडणाऱ्याच्या शिरावर आहे असे मी म्हणतो. ज्याने तार निवडली, ज्याने अर्थिंग एका बोल्टवर आणले, ज्याने तक्ता केला, आणि ज्याने दाबाला चोरी हे नाव दिले, त्या सर्वांनी मिळून साक्ष दिलेली आहे. मात्र ती घटनेच्या आधी दिली आहे, कोणाविरुद्ध वापरली जाईल हे माहीत नसताना दिली आहे, आणि शपथेवाचून दिली आहे. काजूच्या सावलीतला तो तरुण योग्य तार शोधीत होता तेव्हा तो न्यायदानाचेच काम करीत होता. त्याची त्याला पुरती जाणीव होती असे त्याच्या हातांवरून मला दिसले. पण त्याच्या कामाचे मोल ठरविणाऱ्यांना ती आहे असे मला दिसत नाही, कारण मजुरी गाडीमागे ठरते, आणि जो लवकर जोडील तो अधिक मिळवील अशी व्यवस्था आहे.

याच मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते आणि लाखो माणसे तेथे लोटतात हे सर्वांना ठाऊक आहे; पण तिची तारीख पंचांगातील तिथीने ठरत नसून देवीचा कौल घेऊन ठरते, या गोष्टीकडे बाहेरचे लोक केवळ कौतुकाने पाहतात. कोकणातील देवस्थानांत कौल घेण्याची जी पद्धत आहे तिच्याकडे थोडे बारकाईने पाहावे. देवतेच्या पाषाणावर कौलाचे दाणे किंवा कळ्या लावल्या जातात, आणि उजवीकडचे आधी पडते की डावीकडचे यावरून होकार वा नकार समजतात. उत्तर दोनच शब्दांचे, हे खरे. परंतु त्याच्या आधी जे गाऱ्हाणे घातले जाते ते चांगले लांबलचक असते. कोणी, कोणत्या कामासाठी, कोणाच्या वतीने, कोणता प्रश्न विचारला आहे, हे सारे मोठ्याने, गावकर-मानकऱ्यांच्या समक्ष उच्चारले जाते, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला आपली संमती जोडतात. होय किंवा नाही याला जो अर्थ प्राप्त होणार आहे तो आधी चारचौघांत, सर्वांना कळेल अशा भाषेत, निश्चित झालेला असतो. उजव्या कौलाचा अर्थ मागाहून कोणी एकांतात बदलू शकत नाही. देवी बोलते की नाही याविषयी वाचकाचे मत काहीही असो. प्रश्नाची जोडणी उघड्यावर व्हावी ही त्या रीतीची शिस्त श्रद्धावंताला आणि संशयवाद्याला सारखीच मोलाची वाटावी अशी आहे.

डंपरच्या पेटीत हे गाऱ्हाणे कोणी ऐकलेले नसते. तिसऱ्या द्वाराचा होकार म्हणजे हौदा वर, हे कोठल्या तरी दूरच्या मेजावर एका माणसाने टंकलेले असते; उद्या त्याच द्वाराला दुसरे नाव दिले तर चालकाला त्याची वार्ताही लागणार नाही. म्हणून माझी सूचना साधी आणि थोडी जुन्या वळणाची आहे. वाहनाला अशी पेटी जोडली जाईल त्या दिवशी त्या जोडणीचा एक महजर व्हावा. मालक, चालक आणि जोडणारा कारागीर यांच्या समक्ष तो मराठीत लिहिला जावा. कोणते साधन कोणत्या द्वाराला जोडले, गाडी चालू असल्याची खूण कोणत्या तारेवरून घेतली आणि सेल मारताना ती तपासली काय, अर्थिंग कोठे घेतले, टाकीचा तक्ता सपाट जमिनीवर केला की कसा, आणि दाबात किती घट झाली असता तिला काय म्हणावयाचे ठरले, हे सर्व त्यात कलमवार असावे. घाटात चाचणी घेतली असल्यास तसे लिहावे, नसल्यास तसेही लिहावे. नावे बदलावयाची झाल्यास त्याच तिघांच्या समक्ष बदलावीत. एक प्रत चालकाच्या हाती असावी, म्हणजे ज्या दिवशी त्याच्यावर ठपका येईल त्या दिवशी त्याला यंत्राशी भांडावे लागणार नाही. जोडणी कोणी, कशी आणि कोणत्या अर्थाने केली हे तो कागद दाखवून विचारू शकेल. आणि ज्या द्वारांना काहीही जोडलेले नाही तीही त्या कागदात क्रमांकाने नमूद असावीत, त्यांच्या तारांची टोके कोणी बंद केली याच्या नावासह.